आसाची श्वासनळी : पाण्याचिखलातून जाणाऱ्या वाहनांसाठी ब्रीदरची निवड

बैलगाडी ओढा ओलांडून पलीकडे गेली की जाणता गाडीवान क्षणभर थांबत असे. गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे काढून तो चाकाच्या तुंब्यात पुन्हा थोडे वंगण सोडी आणि मगच पुढचा रस्ता धरी. पाण्याने वंगण धुऊन जाते व कोरडा आख चाकाला खातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याचा आख उघडा होता आणि चाक कुरकुरू लागले की ते गावभर ऐकू जाई.

आज त्याच ओढ्यातून जीप जाते, ट्रॅक्टर जातो, प्रसंगी रुग्णवाहिकाही जाते. या वाहनांचा आस पोलादी पेटीत बंद असतो, पेटीत तेल भरलेले असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बंद आहे म्हणून तो सुरक्षित आहे, असा आपला समज होतो. हा समज पुरता खरा नाही. त्या पेटीला वरच्या अंगाला एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते आणि त्यावर करंगळीच्या टोकाएवढी टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. मराठीत आपण तिला आसाची श्वासनळी म्हणू. ही टोपी कशी आहे, कोठे आहे आणि उघडी आहे की बुजलेली आहे, यावर आसातील दंतचक्रांचे आणि पुष्कळदा मागच्या ब्रेकचेही आरोग्य अवलंबून असते. दुर्गम भागात वाहने वापरणारे शेतकरी, शासकीय वाहनांची जबाबदारी असलेले अधिकारी आणि विज्ञान शिकविणारे शिक्षक या सर्वांना उपयोगी पडेल म्हणून या छोट्या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पेटी श्वास का घेते?

वाहन वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना शक्ती मिळावी आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे, यासाठी आसाच्या मध्यभागी दंतचक्रांची जी रचना असते ती डिफरन्शियल होय. तिच्यातील मोठे चक्र, म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरविणारे लहान चक्र, म्हणजे पिनियन, यांचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर घसरतही असतात. या घसरण्यामुळे तेथे उष्णता निर्माण होते. म्हणूनच तेथे साधे तेल चालत नाही. मोठा दाब सोसणारे जाड गिअर तेल लागते.

ओझे ओढून घाट चढून आलेल्या गाडीच्या आसातील तेल ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तर त्यात नवल नाही. तेल तापले की त्याच्या वरची हवाही तापते आणि प्रसरण पावते. ३० अंशांची हवा ८० अंशांवर गेली तर तिचे आकारमान सुमारे एक षष्ठांशाने वाढते. ही वाढीव हवा बाहेर जाण्यासाठी वाट हवी, आणि गाडी उभी राहून थंड झाली की तितकीच हवा परत आत येण्यासाठीही वाट हवी. आसाचे श्वसन म्हणतात ते हेच. आपल्या गावातील विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला निळ्या खड्यांनी भरलेली काचेची बाटली अनेकांनी पाहिली असेल. तीही श्वासनळीच होय. दिवसा भार वाढला की ट्रान्सफॉर्मरचे तेल तापून हवा बाहेर टाकते, रात्री थंड होताना ती आत ओढते, आणि आत येणाऱ्या हवेतील ओल ते खडे शोषून घेतात. ओल मुरली की निळे खडे गुलाबी होतात.

तापलेली जीप थंडगार ओढ्यात उतरली तर काय होते ते पाहू. पाणी आसाच्या पेटीला चहूकडून वेढते आणि लोखंड झपाट्याने निवू लागते. आतील हवा आकसते. हवेचे तापमान ८० अंशांवरून ३० अंशांवर आले आणि बाहेरून हवा आत येऊ शकली नाही, तर आतील दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर ही ओढ जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी होते. एका ओढ्यात सगळी घट होणार नाही हे खरे. पण निव्वळ वीस अंशांची घट झाली तरी अर्ध्या मीटरहून अधिक पाण्याइतकी ओढ निर्माण होते. गुडघाभर पाण्याचा स्वतःचा दाब अर्ध्या मीटरचाच असतो. म्हणजे पाणी बाहेरून जितके ढकलते, तितकेच किंवा त्याहून अधिक आसच त्याला आत खेचतो. ‘एवढ्याशा पाण्यातून गेलो, त्याने काय होणार?’ असे म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही दुसरी बाजू बहुधा नसते.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. प्लास्टिकच्या बाटलीत ऊन पाणी घालून ती खळखळून रिकामी करावी व झाकण घट्ट लावून थंड पाण्यात बुडवावी. बाटली चेपते. दुसऱ्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात बारीक नळी बसवावी, फट मेणाने बुजवावी, बाटली तशीच गरम करून नळीचे टोक रंगीत पाण्यात धरावे आणि बाटलीवर गार पाणी ओतावे. रंगीत पाणी नळीतून चढून बाटलीत येते. पहिली बाटली म्हणजे श्वासनळी बुजलेला आस, आणि दुसरी म्हणजे श्वासनळी पाण्याखाली गेलेला आस.

आत शिरलेले पाणी तेलात घुसळले जाऊन त्याचा दुधाळ, चहाच्या रंगाचा लगदा होतो. असे तेल दातांवर टिकत नाही. बेअरिंगवर गंज धरतो. त्या गंजाचे कण तेलातच फिरत राहून उरलेले भाग घासतात. जीपसारख्या वाहनाच्या आसात तेल असते दीड-दोन लिटर, त्यामुळे पेलाभर पाणीदेखील थोडे म्हणता येत नाही. हानी त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी आसातून घोंघावणारा आवाज येऊ लागतो, आणि तोवर क्राऊन-पिनियनची जोडी बदलण्याची वेळ आलेली असते. हा खर्च काही हजारांचा असतो. श्वासनळी उंच नेण्याचा खर्च त्याच्या मानाने किरकोळ होय.

बुजलेली श्वासनळी आणि ब्रेक

पाणी शिरण्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. दुसरा धोका मात्र कमी लोकांच्या ध्यानी येतो, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे.

काही वर्षांपूर्वी एका खात्याच्या जुन्या जीपमधून चोर्ला घाट उतरत असता चालक म्हणाला, “साहेब, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते.” पावसाळी दिवस होता, रस्ता ओला होता, आणि घाटात डावीकडे काय असते हे सांगण्याची गरज नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून आम्ही कसेबसे खाली आलो. उजव्या मागच्या चाकाचा ड्रम उघडला तेव्हा ब्रेकचे लायनर गिअर तेलात न्हालेले आढळले. नोंदवही पाहिली तर त्याच चाकाचे ऑइल सील त्या वर्षात दोनदा बदललेले होते. तिसऱ्यांदा ते बदलण्याची तयारी चालली असता एक वृद्ध मिस्त्री म्हणाले, “साहेब, सील नवीन घालून काय होणार? पेटीचे नाक कोणी बुजवले ते आधी पाहा.” आसाच्या वरच्या टोपीवर चिखल वाळून दगड झाला होता, आणि त्यावर कोणीतरी व्यवस्थित लाल रंगाचा हात मारला होता. गाडी तपासणीला न्यायची म्हणून तिला खालूनही रंग दिला होता, असे मागाहून कळले.

यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे. ऑइल सीलची रबरी कड आतल्या तेलाकडे तोंड करून फिरत्या दांड्यावर टेकलेली असते. श्वासनळी बुजली व आतील दाब वाढला की ही कड दांड्यावर अधिक जोराने दाबली जाते, तापते आणि लवकर झिजते. झिजलेल्या कडेखालून दाबाखालचे तेल बाहेर पडते आणि थेट ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. गाडी थंड होताना याच्या उलट घडते. आतील ओढीमुळे कड सैल पडते आणि बाहेरची धूळ वा पाणी आत येते. म्हणजे श्वासनळी बुजवून टाकली की पाणी आत जाणार नाही, हा जो उपाय काही ठिकाणी चिंध्या कोंबून किंवा एम-सील लावून केला जातो, तो दोन्ही बाजूंनी घातक आहे. सील हे बंद भांड्याचे झाकण नव्हे. आत आणि बाहेर दाब जवळजवळ सारखा असेल, हे गृहीत धरूनच ते बनविलेले असते.

यास्तव सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर नवे सील मागविण्यापूर्वी श्वासनळी तपासावी. गाडी चालवून आणल्यावर, तेल भरण्याचे बूच सैल करताना सुस्कारा ऐकू आला तर श्वासनळी बुजली आहे असे समजावे. बूच सावकाश सोडावे. आतील तेल हात भाजण्याइतके तापलेले असू शकते.

कोणत्या प्रकारची निवडावी?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे आखूड नळीवर सैल बसविलेली पत्र्याची टोपी. ती हवा दोन्ही दिशांनी जाऊ देते, म्हणून कोरड्या रस्त्यावर चांगली चालते. बोटाने फिरविली असता ती सहज फिरली पाहिजे, हीच तिची परीक्षा. जुन्या जीपसारख्या वाहनात ही टोपी जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास असते. गुडघाभर पाण्यात ती बुडते.

दुसरा प्रकार झडपेचा. टोपीच्या आत लहान गोळी किंवा चकती व कमजोर स्प्रिंग असते. आतील हवा तिला उचलून बाहेर जाते, पण बाहेरचे काही आत येऊ शकत नाही. वरवर पाहता हा फार हुशारीचा उपाय वाटतो आणि दुकानदारही तो तसाच सांगतो. पण वर पाहिल्याप्रमाणे, थंड होणाऱ्या आसाला हवा हवीच असते. झडपेतून ती मिळाली नाही तर आस ती सीलमधून ओढतो, आणि सील त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणी ओढतो. नेहमीच्या रस्त्यावरील वापराला झडपेची टोपी ठीक आहे. वारंवार पाण्यात उतरणाऱ्या वाहनाला ती अपुरी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे टोपी काढून तेथे जोडणी बसवायची, तिला रबरी नळी लावायची आणि नळीचे दुसरे टोक गाडीच्या अंगावर उंच न्यायचे. पाण्यात काम करणाऱ्या वाहनासाठी माझी शिफारस निःसंदिग्धपणे हीच आहे. सैन्याच्या वाहनांत खोल पाणी ओलांडण्यासाठी श्वासनळ्या उंच नेण्याची पद्धत जुनी आहे. ती काही हौशी लोकांनी काढलेली टूम नव्हे. मात्र एक चूक येथे हमखास होते : नळी तर उंच नेतात, पण तिच्या टोकाला जुनीच झडपेची टोपी बसवितात. मग नळीचा उपयोग निम्मा उरतो. टोक दोन्ही दिशांना मोकळे असले पाहिजे.

अलीकडे सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेल्या टोप्याही मिळतात. त्यांतून हवा जाते, पाण्याचे थेंब जात नाहीत. दिवे, विजेची उपकरणे यांच्या पेट्यांत त्या उत्तम काम देतात. आसावर थेट बसविल्यास मात्र क्राऊनने उडविलेले तेल पडद्यावर बसून छिद्रे बुजण्याची भीती असते. त्या वापरायच्याच असतील तर उंच नेलेल्या नळीच्या टोकाशी वापराव्यात. ट्रान्सफॉर्मरसारखी खड्यांची बाटली वाहनाला लावण्याचा विचार एका उत्साही गृहस्थांनी बोलून दाखविला होता. खडे हवेतील ओल शोषतात, ओढ्याचे पाणी नव्हे. एका बुडीत त्यांचे काम संपेल.

नळी बसविताना

नळीची जोडणी विकत घेण्यापूर्वी आसावरील टोपी काढून तिचे आटे मोजावेत. काही आसांवर इंची पाइपचे आटे असतात, काहींवर मीटरी, तर काहींत आखूड नळी ठोकूनच बसविलेली असते. चुकीचे आटे दाबून बसविले तर पेटीचे आटे जातात. टोपी काढण्यापूर्वी भोवतालचा चिखल ब्रशने व पुसण्याने स्वच्छ करावा, नाहीतर तो छिद्रातून आतच पडतो. मागणीपत्रात ‘ब्रीदर किट, १ नग’ एवढेच लिहिल्याने भांडारात काय येऊन पडेल याचा नेम नसतो. आट्यांचे माप, नळीचा आतील व्यास आणि पुढच्या व मागच्या आसासाठी लागणारी लांबी लिहिण्यास एक ओळ पुरते.

नळीचा आतील व्यास ६ ते ८ मिलिमीटर असावा. याहून बारीक नळीत तेलाचा थेंब अडकला की तोच बूच होतो. नळी तेल सोसणाऱ्या रबराची, म्हणजे इंधनासाठी वापरतात तशी, घ्यावी. गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी स्वस्त पडते व आतले दिसतेही, पण तेलाने ती कडक होऊन तडकते आणि उष्णतेने मऊ होऊन चेपते.

लांबी ठरविताना सर्वाधिक चुका होतात. आस स्थिर नसतो. खड्ड्यात चाक लोंबले की तो गाडीपासून बराच खाली जातो. म्हणून गाडी चॅसीखाली जॅक व स्टँड लावून उचलावी, चाके पूर्ण लोंबू द्यावीत आणि त्या स्थितीत नळी ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी. सैल ठेवायची, पण तिला झोळ पडू द्यायचा नाही. झोळात तेल व वाफेचे पाणी साचते आणि वाट बंद होते. आसापासून टोकापर्यंत नळी सतत चढती असावी, म्हणजे वर आलेले तेल आपोआप परत पेटीत उतरते. ब्रेकच्या नळीच्या आधाराने ती बांधण्याची सवय सोडावी. सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी आणि धारदार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे घालावे.

टोक किती उंच असावे? याला एक सोपा नियम आहे : इंजिन जेथून हवा घेते त्या तोंडाहून ते खाली नसावे. पाणी तेथवर पोचले तर इंजिन बंद पडणारच, मग आसाची चिंता करण्यात अर्थ नाही. पुढच्या आसाची नळी बॉनेटखाली मागच्या पडदीशी वर नेता येते, आणि मागच्या आसाची मागील दिव्याच्या पोकळीत किंवा इंधन भरण्याच्या नळाजवळ. चालकाच्या कक्षात ती सोडू नये, कारण गिअर तेलाचा वास तेथे सहन होत नाही. टोक खाली वळवून त्यावर लहान गाळणी बसवावी. इंधनाची साधी गाळणीही चालते, मात्र ती धुळीने व तेलाने भरते, म्हणून दर सर्व्हिसिंगला तिच्यातून तोंडाने फुंकून पाहावे.

सर्व नळ्या एकाच तोटीत जोडून एकच टोक ठेवण्याची पद्धत दिसायला सुबक आहे. मला ती फारशी पसंत नाही. ते एक टोक बुजले की सर्वच पेट्या एकदम कोंडल्या जातात, आणि दोष कोठे आहे हे शोधणेही अवघड होते. जागा असल्यास प्रत्येक नळी स्वतंत्र ठेवावी. तद्वतच गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांनाही श्वासनळ्या असतात हे विसरू नये. त्या आसांपेक्षा उंच असल्या तरी मांडीभर पाण्यात सुरक्षित असतीलच असे नाही.

नव्या गाडीच्या बाबतीत निर्मात्याने सांगितलेली पाण्याची कमाल खोली आधी पाहावी. २०२० मध्ये आलेल्या थारसाठी ती ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त, दिलेली आहे. अशा गाडीत काही बदल करण्यापूर्वी हमी बाधित होत नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. इंजिनासाठी बॉनेटशेजारून छपरापर्यंत जाणारा उंच नळ लावलेल्या पुष्कळ गाड्या हल्ली दिसतात. त्यांपैकी कित्येकांच्या आसाची टोपी मात्र अजून दीड फुटावरच असते. इंजिन श्वास घेत राहते आणि आस पाणी पीत राहतो.

आपल्या भागातील वापर

पावसाळा सरल्यावर कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्या भगवान महावीर अभयारण्यातून जाताना वाटेतील प्रवाह ओलांडतात, आणि तेच पाणी परतीच्या वाटेवर पुन्हा ओलांडतात. खडकाळ वाटेने तापलेला आस आणि डोंगरातून आलेले थंड पाणी यांची गाठ तेथे रोज पडते. अशा मार्गावरील वाहनाला उंच नेलेली मोकळी श्वासनळी ही चैन नाही. ओढ्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबून आस निवू द्यावा असा सल्ला दिला जातो. तो चांगला आहे, पण जाड लोखंड इतक्यात पुरते निवत नाही आणि प्रवासी खोळंबलेले असताना तो पाळला जातो असेही नाही.

भातशेतीच्या चिखलणीत ट्रॅक्टर तासन्‌तास चिखलात चालतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असते. तेथे पाणी शिरले तर नांगर उचलण्याची यंत्रणाही बिघडते. शिवाय हे तेल जीपच्या आसापेक्षा कितीतरी अधिक भरावे लागत असल्याने ते बदलणे खर्चाचे असते. ट्रॅक्टरची श्वासनळी बहुधा उंचावर असते, त्यामुळे ती बुडण्यापेक्षा चिखलाने लिंपली जाण्याचाच धोका मोठा. चिखलणीच्या दिवसांत रोज सायंकाळी फडक्याने ती पुसणे एवढेच पुरेसे आहे. खाजन जमिनीत तर हे अधिकच काळजीने करावे. तेथील खारे पाणी बेअरिंगला गोड्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजविते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला वेगळी श्वासनळी असते व ती बरीच खाली असते. ती आवर्जून शोधून पाहावी.

धुण्याच्या केंद्रावर नुकत्याच आलेल्या गरम गाडीच्या आसावर जोराच्या पाण्याची धार धरणे हेही एक प्रकारे ओढ्यात उतरण्यासारखेच आहे. गाडी आधी अर्धा-पाऊण तास उभी ठेवावी व धार टोपीवर रोखू नये.

पाणी शिरल्याची शंका आल्यास

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. पाणी तेलाहून जड असल्याने मोकळे पाणी तळाशी बसते. सकाळी, गाडी न हलविता, खालचे बूच हळूच सैल करून पहिले काही थेंब काचेच्या पेल्यात धरावेत. प्रथम पाणी आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर तेल बदलण्यावाचून इलाज नाही. दुधाळ झालेले तेल उन्हात ठेवून वा गाळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील दाब सोसण्याचे गुण भरवशाचे राहिलेले नसतात. जुने तेल कोमट असताना पूर्ण काढावे, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे, थोडे दिवस गाडी चालवून तेही काढावे आणि पुन्हा भरावे. पहिल्या भरतीत कोपऱ्यांत उरलेले पाणी त्या दुसऱ्या बदलात निघून जाते. डिझेल घालून आस धुण्याची चाल आहे. धुतल्यास ते पूर्ण निथळू द्यावे, आणि डिझेल भरलेल्या स्थितीत गाडी कदापि चालवू नये. काढलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

पुरात उभ्या राहिलेल्या वाहनांची गोष्ट निराळी आहे. जुलै २०२१ मध्ये सत्तरी व डिचोली भागात म्हादईचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हाप्रमाणे जी वाहने कंबरभर पाण्यात तासन्‌तास उभी राहतात, त्यांच्याबाबत पाणी शिरले की नाही याची परीक्षा करीत बसू नये. ते शिरले आहे असेच धरावे. अशी गाडी सुरू करून किंवा ओढून नेण्यापूर्वी पुढचा आस, मागचा आस, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या सर्वांचे तेल काढावे, ब्रेकचे ड्रम उघडून स्वच्छ करावेत, आणि प्रत्येक श्वासनळी काढून फुंकून पाहावी. पुराचा गाळ वाळला की तो त्या बारीक छिद्रात सिमेंटसारखा बसतो. तेल नवे भरले तरी पेटी कोंडलेलीच राहिली, तर पुढच्या घाटात ब्रेकच्या ड्रममध्ये तेल उतरण्यास फार दिवस लागत नाहीत.